क्वेकर पूर्वजाचा माग : जन्माची नोंद आहे, पुढे माणूसच सापडत नाही

लीड्सकर
इथे वंशावळी, जुनी दप्तरं, मोडी यांत रमणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारते.

माझा नवरा इंग्लिश, यॉर्कशायरचा. सासूबाईंचं माहेर डेल्समधल्या, म्हणजे तिथल्या दऱ्याखोऱ्यांतल्या, एका खेड्यातलं. त्यांचे पूर्वज क्वेकर, म्हणजे पुरोहित नसलेल्या एका ख्रिस्ती पंथाचे, होते एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यापलीकडे कुणालाच काही सांगता येत नाही. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि सहा-सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाबद्दल त्यांना फार कुतूहल आहे. त्यांच्या आजीच्या तोंडी त्याचा विषय निघाला की "त्याला सभेतून काढलं होतं" एवढंच वाक्य यायचं आणि विषय संपायचा.

हाताशी आहे ते असं:

घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर त्याचा जन्म २१ फेब्रुवारी १७४९ असा लिहिलाय. अक्षर बरंच नंतरचं वाटतं. ऑनलाइन क्वेकर रजिस्टरमध्ये त्याच नावाचं, त्याच आईवडिलांचं मूल आहे, पण तारीख आहे 'बाराव्या महिन्याचा दहावा दिवस, १७४८'. मग ही दोन वेगळी मुलं का? पहिलं दगावलं आणि दुसऱ्याला तेच नाव दिलं, असं तेव्हा सर्रास व्हायचं म्हणे.

त्याच्या आईवडिलांच्या लग्नाचं मोठं चर्मपत्रही आहे. खाली सह्यांची नुसती गर्दी.

आणि मुख्य अडचण ही की जन्मानंतर क्वेकर रजिस्टरमधून हा माणूस गायब आहे. लग्न नाही, दफन नाही. कुठे शोधू?

पाऊसवेणा
क्वेकर म्हणजे ते ओट्सवाले ना? मग पूर्वज स्वयंपाकघरातच सापडायचे. :)

फिलीकर
@पाऊसवेणा, हा प्रश्न इथे फिलाडेल्फियात रोज कानावर येतो. त्या ओट्स कंपनीचा आणि पंथाचा काही संबंध नाही. क्वेकर म्हणजे प्रामाणिक, हे लोकांच्या मनात इतकं पक्कं होतं की १८७७ मध्ये ते नाव सरळ व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं गेलं. चॉकलेटवाले मात्र खरोखरचे क्वेकर. बर्मिंगहॅमचे कॅडबरी, ब्रिस्टलचे फ्राय, यॉर्कचे राऊनट्री, तिन्ही घराणी.

लीड्सकर, तुमच्या प्रश्नावर संध्याकाळी सविस्तर लिहितो.

मोडीवाचक
तारखेचं कोडं आधी सोडवू या, ते सोपं आहे. मूल एकच आहे.

क्वेकर लोक महिन्यांची आणि वारांची रूढ नावं वापरत नसत, कारण ती रोमन आणि इतर जुन्या देवांची नावं. ते फक्त आकडे लिहीत. रविवार हा 'पहिला दिवस'. इंग्लंडमध्ये तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे यांचा पहिला महिना मार्च. म्हणजे बारावा महिना कुठला? फेब्रुवारी. आणि तो फेब्रुवारी जुन्या वर्षाच्या शेपटाला लागलेला, म्हणून त्यांच्या हिशेबी १७४८, आपल्या हिशेबी १७४९.

आता दहा आणि एकवीस. १७५२ मध्ये इंग्लंडने पंचांग बदललं. २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, मधले अकरा दिवस गेले. पुष्कळांनी आपली जन्मतारीख मग अकरा दिवस पुढे नेली. जॉर्ज वॉशिंग्टनचं अगदी असंच आहे, जुन्या नोंदीप्रमाणे ११ फेब्रुवारी १७३१, आणि वाढदिवस साजरा होतो २२ फेब्रुवारी १७३२ धरून. तुमच्या बायबलमध्ये ज्याने लिहिलं त्याने हिशेब चोख केलाय. १० आणि ११, एकवीस.

पुढच्या शोधासाठी एक लक्षात ठेवा. १७५१ हे वर्ष डिसेंबरअखेर संपवलं आणि १ जानेवारी १७५२ पासून यांचाही पहिला महिना जानेवारी झाला. त्यामुळे १७५२ च्या अलीकडची आणि पलीकडची नोंद एकाच पट्टीने मोजू नका. उतारा करताना मूळ कागदावर आहे तसंच लिहा, आपला अर्थ शेजारी वेगळा लिहा. मोडी कागदांवर शुहूर सन आणि शके यांच्या बाबतीत मी हेच करतो.

लीड्सकर
मोडीवाचक, किती सुरेख उलगडलंत! सासूबाईंना फोनवर सांगितलं, त्यांनी दोनदा सांगायला लावलं आणि मग स्वतः बोटांवर मोजून पाहिलं.

सह्यकडा
एवढा खटाटोप कशाला? डीएनए चाचणी करा. सासूबाईंची लाळ पाठवायची, महिन्या-दोन महिन्यांत नातेवाइकांची यादी हजर. आमच्या ऑफिसमधल्या एकाने केलं.

मोडीवाचक
@सह्यकडा, चाचणीने आजचे चुलत-मावस नातेवाईक कळतील. सात पिढ्यांमागच्या एका माणसाचा अंश सासूबाईंमध्ये एक टक्क्याच्या आसपास, तोही असलाच तर. आणि चाचणी सांगणार काय, तर नातं आहे. तो माणूस काय करत होता, कुणाशी भांडला, सभेने त्याला का काढलं, यातलं एक अक्षरही लाळेत नाही. ते कागदातच आहे, आणि क्वेकरांइतके कागद त्या काळात क्वचितच कुणी ठेवले असतील.

सह्यकडा
मान्य. पण कागद आणि चाचणी एकमेकांना पूरक आहेत, एवढं तरी म्हणा.

मोडीवाचक
तेवढं म्हणतो.

फिलीकर
आता सविस्तर. मी इथे स्वार्थमोर कॉलेजच्या क्वेकर संग्रहात माझ्या बायकोच्या घराण्यासाठी बरेच शनिवार घालवलेत, त्यावरून लिहितोय.

लीड्सकर, तुम्ही फक्त रजिस्टर बघताय. जन्म, लग्न, दफन. १८३७ मध्ये इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली, त्यानंतर १८४० च्या सुमारास क्वेकरांनी आपली रजिस्टरं सरकारजमा केली. ती आता लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'आरजी ६' या मालिकेत आहेत आणि ऑनलाइन दिसतात ती तीच. जमा करण्याआधी त्यांनी वर्णानुक्रमे गोषवारेही काढून ठेवले, एक प्रत लंडनला युस्टन रोडवरच्या क्वेकरांच्या फ्रेंड्स हाऊसच्या ग्रंथालयात आहे.

पण खरा खजिना आहे इतिवृत्तांत. यांची रचना अशी: गावची सभा, तिच्यावर आसपासच्या गावांची मिळून मंथली मीटिंग, तिच्यावर क्वार्टर्ली, सगळ्यांवर लंडनची इयर्ली मीटिंग. कारभार चालायचा मंथली मीटिंगमध्ये आणि तिथे काय ठरलं ते दर महिन्याला लिहिलं जायचं. कोण लग्न करू इच्छितो, कोण दुसऱ्या गावी निघालाय, कुणाचं दिवाळं निघालं, कोण दारू पितो, कोण सभेला येत नाही. पगारी पुरोहित नसलेला पंथ, त्यामुळे एकमेकांवर लक्ष ठेवायचं कामही सदस्यांचंच.

माणूस रजिस्टरमधून गायब झाला की दोन शक्यता आधी तपासायच्या. तो गेला, किंवा त्याला काढलं.

गेला असेल तर दाखला मिळतो. गाव सोडताना जुनी मीटिंग नव्या मीटिंगला लिहून द्यायची की हा माणूस वर्तनाने चांगला आहे, कर्जात नाही, लग्नाच्या वचनात अडकलेला नाही. डॅनियल बून या जुन्या वाटाड्या-शिकाऱ्याचं नाव अमेरिकेत मुलामुलांना माहीत असतं. त्याचे आजोबा जॉर्ज बून डेव्हनहून पेन्सिल्वेनियाला आले आणि १७१७ मध्ये त्यांनी डेव्हनमधल्या कलम्प्टनच्या मीटिंगचा दाखला पेन्सिल्वेनियातल्या ग्विनेडच्या मीटिंगपुढे ठेवला, याची नोंद आहे. समुद्राच्या दोन्ही काठांवरचे धागे त्या एका ओळीने जुळतात.

त्याच घराण्यात दुसरी शक्यताही दिसते. डॅनियलच्या मोठ्या बहिणीने १७४२ मध्ये पंथाबाहेर लग्न केलं, तेव्हा आईबापांना सभेत जाहीर माफी मागावी लागली. १७४७ मध्ये थोरल्या भावानेही तेच केलं. या वेळी बापाने माफी मागायचं नाकारलं, मुलाच्या बाजूने उभा राहिला, आणि सभेने बापालाच काढलं. १७५० मध्ये जमीन विकून ते कुटुंब नॉर्थ कॅरोलिनाकडे निघालं. एका मुलाच्या लग्नापायी एवढं सगळं, आणि त्याचा माग लागतो तो इतिवृत्तांतून.

तुमचा माणूस यॉर्कशायरचा आहे ना? तिथल्या बऱ्याच मीटिंगांची कागदपत्रं लीड्स विद्यापीठाच्या ब्रदरटन ग्रंथालयात आहेत. तुमच्या गावातच.

लीड्सकर
काय सांगता! त्या ग्रंथालयावरून मी रोज बसने जाते.

आजीचाबटवा
वाचताना एक प्रश्न पडला. हे म्हणजे आपल्याकडे वाळीत टाकायचे तसंच झालं की. दुसऱ्या पंथातल्या मुलीशी लग्न केलं म्हणून बहिष्कार. शांततेचा एवढा पुरस्कार करणाऱ्यांनी असं करावं?

फिलीकर
वाळीत टाकणं नाही, ताई. आपल्याकडे पाणी तोडायचे, मर्तिकाला खांदा द्यायला कुणी यायचं नाही. क्वेकर सभेतून काढलेला माणूस रविवारच्या उपासनेला येऊन बसू शकत होता, घरच्यांशी त्याचे संबंध राहत. कारभाराच्या सभेत त्याला जागा नसे आणि सभेकडून गरिबाला मिळणारी मदत त्याला मिळत नसे. पश्चात्तापाचं पत्र लिहून दिलं तर परतही घेत.

आजीचाबटवा
तरीही माणसाच्या मनाला लागायचं ते लागतच असणार. सासूबाईंची आजी दीडशे वर्षांनीसुद्धा त्याबद्दल बोलायला तयार नव्हती, यावरूनच कळतं.

धुकं
आजीचाबटवा यांच्याशी शंभर टक्के सहमत. नियम कागदावर सौम्य असला तरी छोट्या खेड्यात त्याचा भार वेगळाच. आणि यांनी हा नियम इंग्लंडमध्ये पार १८५९-६० पर्यंत चालवला. तोपर्यंत बाहेर लग्न केल्यापायी इतके लोक गेले की पंथ आटत चालला होता, म्हणून शेवटी सोडला.

मोडीवाचक
लग्नाच्या चर्मपत्राबद्दल कुणीच लिहिलं नाही. लीड्सकर, ते फार मोलाचं आहे.

क्वेकर लग्नात पुरोहित नाही. वधूवर सभेत उभे राहून एकमेकांना वचन देतात, मग हजर असलेले सगळे साक्षीदार म्हणून सही करतात, लहान मुलंसुद्धा. हे लग्न कायद्याने ग्राह्य होतं. १७५३ च्या हार्डविक कायद्याने इंग्लंड-वेल्समधली बाकी सगळी लग्नं अँग्लिकन चर्चमध्येच लावायला भाग पाडलं, त्यातून क्वेकर आणि ज्यू वगळले होते.

सह्या बारकाईने बघा. जवळचे नातेवाईक बहुतेक वेळा वधूवरांच्या खालच्या रकान्यात, उजवीकडे असतात. आजोबा, काका, मावश्या सगळे तिथे सापडतील. एखादा काका हयात असूनही तिथे नसेल, तर का नाही हेही शोधायचं.

आणि या कायद्यातच तुमच्या अडचणीची किल्ली आहे. तुमच्या माणसाने पंथाबाहेर लग्न केलं असेल तर ते १७५४ नंतरचं, म्हणजे ते चर्चमध्येच लागलेलं असणार. तेव्हा क्वेकर रजिस्टर मिटवा आणि आसपासच्या पॅरिश चर्चची लग्नाची रजिस्टरं उघडा, साधारण १७७० पासून पुढची. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळापासून सुरुवात करा.

सह्यकडा
विषयांतर करतो, क्षमस्व. आमच्या सांगली भागात हेळवी यायचे. बैलावर बसून. घरापुढे थांबून पिढ्यान्‌पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचे आणि नवीन जन्मलेल्यांची नोंद करून घ्यायचे. आजोबा त्यांना धान्य द्यायचे. हा धागा वाचून वाटतंय, आमच्या हेळव्याला गाठायला हवं, तो अजून येतो का ते तरी विचारायला हवं.

पाऊसवेणा
विचाराच. आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो तेव्हा उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही बघितली. मोडीत. बाबा तिथेच खाली बसले होते. पण त्या वहीत बायकांची नावं फार थोडी.

नागपुरी_संत्रं
क्वेकर आपल्यापासून इतके लांब नाहीत बरं का. रेचल मेटकाफ १८६६ मध्ये भारतात आल्या, आधी बनारसला, मग नर्मदेकाठी होशंगाबादला. पुढे इटारसी, सोहागपूर, सिवनी-मालवा असं ब्रिटिश क्वेकरांचं काम पसरलं. तो सगळा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात, राजधानी आमचं नागपूर. होशंगाबादजवळच्या रसुलियाचं केंद्र जुने सर्वोदयी लोक अजून आठवतात. मार्जोरी साईक्स यांनी तर सेवाग्रामला नई तालीमचं काम केलं, त्याही क्वेकर. लहानपणी आमच्या घरी सेवाग्रामची मंडळी यायची, त्यांच्या बोलण्यात 'मार्जोरीबेन' हे नाव असायचंच.

कुणाच्या पूर्वजाचा या मिशनशी संबंध असेल तर त्याचे कागदही लंडनच्या फ्रेंड्स हाऊसमध्येच आहेत.

कोऱ्यापाटीवर
मला प्रामाणिकपणे विचारायचंय. आपल्या स्वतःच्या आजोबांच्या वडिलांचं नाव धड ठाऊक नसताना यॉर्कशायरच्या कुणाचा इतका शोध कशासाठी?

लीड्सकर
@कोऱ्यापाटीवर, प्रश्न रास्त आहे. माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे, माझ्या लेकीचं नाव पुढच्या आवृत्तीत जावं म्हणून बाबांनी स्वतः पत्र लिहिलं. तिचे ते पूर्वज आहेत तसे हेही आहेत. आणि सासूबाईंनी मी या घरात आले तेव्हापासून मला एकदाही परकं वाटू दिलेलं नाही. त्यांना हे हयातीत कळावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आजीचाबटवा
लीड्सकर, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

धुकं
अजून एक जागा सुचवते. 'सफरिंग्ज', म्हणजे छळाच्या नोंदी. क्वेकर चर्चचा दशांश कर द्यायचे नाहीत, तत्त्व म्हणून. मग अधिकारी येऊन माल उचलून न्यायचे आणि क्वेकर त्याची यादी करून ठेवायचे, कुणाचं काय नेलं आणि किती किमतीचं. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याआधीचा काळ तर तुरुंगांचा. त्या काळातल्या नोंदी जोसेफ बेसने १७५३ मध्ये दोन जाड खंडांत छापल्या, परगण्यांप्रमाणे लावलेल्या. कायद्यानंतर तुरुंग कमी झाले, पण कराची जप्ती चालूच राहिली.

उपयोग असा की त्या यादीतून घर दिसतं. गवत नेलं, म्हणजे कुरण होतं. लोकर नेली, म्हणजे मेंढ्या होत्या. तुमच्या माणसाच्या बापाचं नाव तिथे असण्याची बरीच शक्यता आहे.

आणि ऑनलाइन कुणीतरी तयार करून ठेवलेली वंशावळीची झाडं डोळे झाकून जोडू नका. डेल्समध्ये एकाच नावाचे पाच-सहा चुलतभाऊ असायचे. ज्या झाडाखाली मूळ नोंदीचा दाखला नाही ते माझ्या लेखी झाडच नाही.

लीड्सकर
बऱ्याच दिवसांनी येतेय, पण हातात काहीतरी घेऊन.

ब्रदरटनमध्ये पुरुषांच्या मंथली मीटिंगचं इतिवृत्त मिळालं. तिथल्या बाईंनी मदत केली. १७७३ च्या शेवटी पहिला उल्लेख: अमुक 'मित्राने' (क्वेकर एकमेकांना असंच म्हणत) 'पुरोहिताकडून' लग्न लावून घेतल्याचं सभेच्या कानावर आलंय, दोघांनी त्याला भेटून यावं. पुढच्या महिन्यात ते दोघे सांगतात, भेटलो, तो सौजन्याने वागला पण केल्याचा खेद त्याला वाटत नाही. मग पुन्हा भेट. पुन्हा तेच. असं चार-पाच महिने चालतं. शेवटी त्याला काढल्याचं निवेदन अख्खं उतरवलेलं आहे, आणि त्याची प्रत त्याला नेऊन द्यायचं काम ज्याच्याकडे दिलं तो त्याचा सख्खा थोरला भाऊ.

त्या ओळीवर मी फार वेळ थांबले.

मग मोडीवाचक म्हणाले तसं पॅरिश रजिस्टर. शेजारच्याच चर्चमध्ये लग्न सापडलं. नवऱ्या मुलाची सही ठसठशीत, नवरीने नुसती फुली मारलेली. म्हणजे 'त्याला सभेतून काढलं होतं' ते एवढ्यासाठीच. लग्न केलं, आणि खेद वाटतो असं खोटं सांगितलं नाही. सासूबाईंनी ऐकल्यावर म्हटलं, "मग तो फार चांगला क्वेकर होता."

दफन मात्र अजून नाही. चर्चच्या रजिस्टरमध्येही नाही.

फिलीकर
वा! त्या भावाबद्दल वाचून गलबललो.

दफनासाठी क्वेकर रजिस्टर परत उघडा. काढलेल्या माणसालाही ते आपल्या दफनभूमीत जागा देत. १७७६ मध्ये त्यांनी छापील नमुन्यांची रजिस्टरं सुरू केली आणि त्यात मृत व्यक्ती सदस्य नसेल तर तसा शेरा मारायची पद्धत होती. तुम्ही आधी शोधलं तेव्हा बहुतेक थोड्याच वर्षांचा पट्टा बघितला असेल. १८३७ पर्यंत जा. शेजारच्या मीटिंगाही बघा.

दगड शोधत दफनभूमीत फिरू नका, तो नसणार. मृतात लहानमोठं नको म्हणून ते थडग्यावर दगड लावत नसत. १८५० मध्ये इयर्ली मीटिंगने साधे, सगळे सारखे दगड लावायची मुभा दिली.

लीड्सकर
मिळालं!!! १८११. वडील जिथे पुरले त्याच दफनभूमीत. रकान्यात 'सदस्य नाही'. आणि त्याच्या खालच्या काही ओळींत, तीन वर्षांनी, त्याची बायको. तिच्यापुढे तो शेरा नाही. ती तर चर्चची होती ना? हे कसं?

मोडीवाचक
शेरा राहून गेला असण्याची शक्यता आधी मनात ठेवा. पण ती स्वतः नंतर अर्ज करून सदस्य झाली असण्याचीही पुरेपूर शक्यता आहे. बाहेरून येणाऱ्याला अशी वाट होती आणि त्याचीही तपासणी व्हायची, दोघं जणं घरी भेटायला जायची.

धुकं
लीड्सकर, बायकांच्या सभेचं इतिवृत्त मागा. क्वेकर बायकांची कारभाराची सभा वेगळी भरायची आणि तिची वही वेगळी असायची, बायकाच लिहायच्या. बाईचा अर्ज बहुधा तिथेच आधी आला असेल. १८११ पासून मागे वाचत जा. फुली मारणारी बाई अर्जावर सही करते की काय, तेही बघा.

लीड्सकर
मंगळवारी सुट्टी टाकलीय. सासूबाईही येताहेत.